गड्डेवाले जवाई

तळेगावात त्यांना नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. शाळेतल्या पोरापासून सरपंचापर्यंत सगळे त्यांना 'जवाई' म्हणत. पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोतली नोकरी संपली आणि त्यांनी बायकोच्या माहेरी, तळेगावला घर बांधलं. तेव्हापासून ते साऱ्या गावाचे जावई झाले. केस पांढरे, नातवंडं कॉलेजात, पण मान मात्र कालच मांडवातून उठून आल्यासारखा. कुणाकडे गेले की खाट टाकावी लागे, खाटेवर गादी, गादीवर धुतलेली चादर. वरणावर तूप नसलं तर ते बोलत काही नसत, नुसते ताटाकडे पाहत बसत. आता असं कोणी पाहत बसल्यावर घरची बाई काय करणार? शेजारून का होईना, तूप यायचंच.

असा हा माणूस उतारवयात ट्रॅक्टर घेईल आणि लोकांच्या वावरात गड्डे खोदत फिरेल, असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. पण पेन्शन घेऊन ओट्यावर बसणं त्यांना जमेना. त्यांनी ट्रॅक्टरच्या मागे एक भलंमोठं गिरमिट बसवून घेतलं. सुतार लाकडाला भोक पाडतो तसलंच, फक्त माणसाच्या छातीएवढं उंच. ट्रॅक्टरचा मागचा दांडा फिरायला लागला की तेही गरगरत जमिनीत उतरतं आणि खांबाचा गड्डा तयार. पहार-सबल घेऊन दोन गडी घाम गाळतील तेवढं काम चहा निवायच्या आत. आमच्याकडे जंगल जवळ. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, कुणाचंच पीक सोडत नाहीत, त्यामुळे ज्याला त्याला कुंपण हवं. जावईबुवांना मागणी चिक्कार. तरी त्यांना बोलावण्याआधी माणूस दोनदा विचार करायचा, कारण गिरमिटासोबत त्यांचे नियमही यायचे.

त्या नियमांचं सांगायला लागले की माझी चिडचिड अजून होते. वावरात पाय ठेवल्या ठेवल्या, रामराम नाही की पाणी नाही, ते बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा काढत आणि सगळ्यांपुढे फिरवत. ज्याच्या खिशात काडेपेटी, लायटर, बिडी असेल ती त्यात टाकायची. डेपोच्या फाटकावर आयुष्यभर त्यांनी तेच केलेलं. अहो, पण वावरात फुटणार काय होतं? हरभरा? मी एकदा विचारलंही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी मीच आग लावायला आले. तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र चालायचा. खर्रा फुटल्याचं आजवर ऐकलं नाही, असं सांगून ते स्वतःच तोंडात टाकायचे. मग बायांच्या ओढण्या कमरेला, गड्यांचे गळ्यातले दुपट्टे काढून एका झाडाला. हे बाकी शहाणपणाचं होतं, फिरत्या दांड्यात कापड गेलं तर माणूस जातो. पण तेही ते असं सांगायचे की ऐकणाऱ्याला शाळेत उभं केल्यासारखं वाटायचं. शेवटी लाल फडकं, शिट्टी, आणि मग कुठे इंजिन.

आणि कापूस. तो तर विसरूनच चालायचा नाही. इंजिनाचा आवाज त्यांना सहन होत नसे. म्हणून काम सुरू करण्याआधी ते पऱ्हाटीच्या कडेनं फिरत, एक चांगलं फुटलेलं बोंड निवडत, त्यातल्या सरक्या काढून टाकत आणि दोन बोळे करून दोन्ही कानांत घट्ट बसवत. मेडिकलमधून एक गुंडाळी का घेऊन ठेवत नाही, असं कुणी म्हटलं की त्यांना राग यायचा. कापसाच्या जिल्ह्यात राहून कापूस विकत घ्यायचा म्हणजे काय? ज्याच्या वावरात काम त्याचाच कापूस. संध्याकाळी ते दोन्ही बोळे काढत आणि उसनी वस्तू परत करावी तसे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवून जात.

खांब शेजारी आणून ठेवल्याशिवाय ते गड्डा करत नसत. एका संत्र्याच्या बागवाल्याकडे खांबांची गाडी यायला उशीर झाला. तो म्हणाला, तुम्ही गड्डे करून ठेवा, खांब उद्या टाकू. जावईबुवांनी इंजिन बंद केलं आणि झाडाखाली जाऊन बसले. उघडा गड्डा म्हणजे कुणाचा तरी पाय मोडायची तयारी, आणि पाय वासराचा असो की माणसाचा, खोदला कोणी तर आपण, असं त्यांचं म्हणणं. बागवाला खूप तणतणला. पण करतो काय? गावच्या जावयाला हाकलून देता येतं का? उलट त्यालाच घरून डबा आणावा लागला, तुपासकट. खांब आत उतरवायच्या आधी हे पुन्हा प्रत्येक गड्ड्यात वाकून बॅटरी मारणार, भर दुपारी. आत बेडूक दिसला की सगळं काम थांबलं. बेडूक निघून, बाजूच्या गवतात सुखरूप पोचल्यावर पुढचं.

हे सगळं माहीत असून मीच त्यांना आमच्या वावरात बोलावलं. कारण बाबा.

आमचं गाव तळेगावहून आत, जंगलाच्या अंगाला. मी वर्ध्याला एका ऑफिसात कामाला, शनिवारी एसटीनं माहेरी यायची. बाबा पीक उभं असेपर्यंत रोज रात्री जागलीला जात. वावरात चार बल्ल्यांवर मचान, त्यावर बाबा, हातात टॉर्च आणि थाळी. डुकरं आली की थाळी बडवायची, ओरडायचं, सकाळी उतरून घरी यायचं. आई म्हणायची, "तुया बाबाचं पह्यलं लगन मचानासंग झालं, मी मांगून आली." हे सगळं हसण्यावारी होतं तोवर ठीक. पण मागच्या हंगामात शिडीची पायरी मोडली आणि बाबा वरून पडले. हात मोडला. दवाखान्यातून सुटले, प्लास्टर ओलं की सुकं तेही पाहिलं नाही, परत वर चढून बसले. मी भांडले, रडले, अबोला धरून पाहिला. काही उपयोग नाही. मला भीती वाटायची, सरळ सांगते. एक दिवस सकाळी ते फोन उचलणारच नाहीत, ही भीती. वर्ध्याला डोळे उघडले की दात घासायच्या आधी मी फोन लावायची आणि एकच विचारायची, "उतरले का खाली?" ते "हो" म्हणाले की माझा दिवस सुरू व्हायचा.

कुंपण घालू म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, "कुंपन कायले पाह्यजे? मी आहो ना." मी आहो ना! त्याचाच तर घोर लागला होता मला.

अडचण आणखी एक होती. डुकरं यायची नाल्याकडून, आणि नाल्याच्या काठाला आमचं वावर आणि शेजारच्या काकाजींचं वावर लागून होतं. अर्ध्यात कुंपण घालून काय कामाचं, डुकरं पलीकडून वळून आत येणार. दोन्ही वावरांना मिळून एकच सरळ रांग हवी होती. आणि बाबांचं आणि काकाजींचं बोलणं बंद होतं. माझं लग्न व्हायच्या आधीपासून बंद. कधी तरी वखर मारताना कुणाचा तरी एक तास, म्हणजे वखराची एक ओळ, दोघांमधल्या धुऱ्यात घुसला. कुणाचा घुसला, हे विचारायचं असेल तर दोन वेगवेगळ्या दिवशी विचारावं. मग मोजणी झाली. मोजणीची रेघ अशा ठिकाणी निघाली की दोघंही भडकले. बाया एकमेकींकडे जात, पोरं एकत्र वाढली, पण हे दोघं रस्त्यात समोर आले की एक जण थांबून चपलेतला खडा काढायचा. माझ्या लग्नात काकाजींनी रस्त्यावर उभं राहून अक्षता टाकल्या आणि मांडवात पाय न ठेवता घरी गेले.

काकाजींचा मुलगा माझ्या बरोबरीचा. तोही काकाजींच्या जागलीला कंटाळलेला, कारण त्यांचंही तसंच मचान धुऱ्यापलीकडे, आणि वय बाबांपेक्षा दोन पावसाळे जास्तच. आम्ही दोघांनी फोनवर ठरवलं, सिमेंटचे खांब आणून टाकले आणि जावईबुवांना सांगावा धाडला. म्हाताऱ्यांना विचारलंच नाही. विचारलं असतं तर आजही खांब तिथेच आडवे दिसले असते.

जावईबुवा आले त्या दिवशी बाबा मुद्दाम मचानावर जाऊन बसले होते. काडेपेट्यांचा डबा फिरला. जावईबुवा शिडीखाली जाऊन उभे राहिले आणि त्यांनी डबा वर धरला. आता तळेगावचा जावई शिडीखाली हात वर करून उभा आहे म्हटल्यावर बाबांना वर बसवेना. ते उतरले, काडेपेटी दिली, खाट टाकली. पण कुंपणाबद्दल अवाक्षर नाही. पलीकडे काकाजी आपल्या मचानाखाली पाठ करून बसलेले. दोन म्हातारे, दोन दिशांना तोंडं. मधल्या धुऱ्यावर नेमका एक खांब पडत होता. तो कुणाच्या हद्दीत येणार, यावर दोन्ही पाठी ताठ झालेल्या मला लांबून दिसत होत्या.

काम आमच्या टोकाकडून सुरू झालं. आठवड्यात अवकाळी पडून गेला होता आणि नाल्याकाठची काळी माती आतून ओली होती. असली माती गिरमिटाला धरून बसते, सोडत नाही. दोन बोल्ट तुटले. गिरमिटाच्या दांड्यात एक बोल्ट असतो, ताण आला की तो मुद्दाम तुटतो म्हणजे बाकीची मशीन वाचते. जावईबुवांच्या खिशात असे बोल्ट सुपारीसारखे भरलेले असत. एरवी बोल्ट तुटला की ते खूश व्हायचे, "तो तुटासाठीच असते" म्हणायचे. पण त्या दिवशी तिसराही तुटला, काकाजींकडून कुणीतरी हसल्याचा आवाज आला, आणि जावईबुवांचं डोकं फिरलं. साऱ्या दुनियेला नियम शिकवणाऱ्या माणसानं पेटीतून एक पोलादी, न तुटणारा बोल्ट काढला आणि ठोकून बसवला.

मग काय व्हायचं तेच झालं. बोल्ट तुटला नाही. गिरमिट स्क्रूसारखं आत आत शिरलं, ट्रॅक्टरची पुढची चाकं जमिनीवरून उचलली गेली आणि इंजिन आचके देऊन बंद पडलं. जावईबुवा खाली उतरले. कानातले बोळे काढले. गिरमिटाचं फक्त वरचं टोक दिसत होतं. मला वाटलं आता कुणाला तरी रागावतील, मातीला, मला, काकाजींना. पण ते त्या पोलादी बोल्टाकडे बघून एवढंच म्हणाले, "याले तुटाले पाह्यजे होतं. म्याच तुटू नाई देल्लं."

मला त्यांचा राग यायचा होता तो तिथेच राहून गेला. वाईट वाटलं हो. चुरगळलेल्या चादरीवर बसायचं नाही म्हणणारा माणूस, गुडघाभर चिखलात उभा.

संध्याकाळ झाली तरी ते घरी जायला तयार नाहीत. मशीन जमिनीत सोडून जायचं नाही, आणि तिच्याखालचा गड्डा तर उघडाच. आईनं गादी आणि धुतलेली चादर पाठवली. खाट बाबांच्या मचानाखालीच टाकली आणि जावईबुवा तिथे झोपले.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी सकाळी चहा घेऊन गेले तर बाबा आणि जावईबुवा शेजारी शेजारी दात घासत होते. बाबा हात धुवायला लांब गेले तसे जावईबुवांनी मला विचारलं, तो पलीकडच्या मचानावरचा माणूस कोण? मी सगळं सांगितलं. धुरा, मोजणी, चपलेतले खडे. किती वर्षांपासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, तेही.

"बोलत नाई?" ते म्हणाले. "रातभर तं बोलून राह्यले होते."

मला वाटलं म्हातारा झोपेत असेल. तेवढ्यात बाबा आले आणि त्यांनी ते ऐकलं. ते एकदम तडकले, कोण बोलत होतं, मी डुकरांना हाकलत होतो. जावईबुवांनी मान हलवली आणि चहा बशीत ओतला. मग मला हळूहळू सांगितलं. एक मचानावरून "होऽऽ" करतो. थोड्या वेळानं दुसरा "होऽऽ" करतो. डुकरं आली असली तरी, आणि नसली तरी. एकाचा आवाज यायला उशीर झाला की दुसरा परत देतो, जरा मोठ्यानं. पहिल्याचा आला की मग गप्प. डेपोत रात्रीच्या पहाऱ्याला असंच असायचं म्हणे.

गिरमिट काढायला माणसं लागली. लांब पाना लावून ते उलटं फिरवायचं, एका वेळी हातभर, आणि पान्याला लोंबकळायचं. न बोलावता काकाजींचा मुलगा आला, आणि त्याच्या मागे काकाजी. बाबांनी एका बाजूनं जोर लावला, काकाजींनी दुसऱ्या. एकमेकांकडे पाहिलं नाही. गिरमिट निघाल्यावर दोघं आपापल्या वावरात निघून गेले.

जावईबुवांनी पोलादी बोल्ट काढून नाल्यात फेकला आणि साधा बसवला. ऊन चढून माती जरा बांधून आली होती. आणि मग त्यांनी एक नवाच नियम काढला. रांगेच्या दोन टोकांना दोन जबाबदार माणसं उभी पाहिजेत. आपल्या बाजूला गुरं-माणसं नाहीत हे पाहून प्रत्येकानं मोठ्यानं आवाज द्यायचा. एकाचा आवाज आला की दुसऱ्यानं द्यायचा, आणि दोन्ही आवाज झाल्याशिवाय गिरमिट खाली जाणार नाही. प्रत्येक गड्ड्याला. मी कपाळावर हात मारला. हा नियम मी आधी कुठे ऐकला नव्हता, पण त्यांच्या नियमांना कधी तोटा होता? म्हटलं, मी उभी राहते एका टोकाला. नाही. बाई चालणार नाही का? बाई चालेल, पण ज्याचं वावर त्यानंच उभं राहिलं पाहिजे. डेपोचा नियम.

बाबा म्हणाले, हे काय लहान पोरांचं आहे. जावईबुवा तुपाविना वरणाकडे पाहावं तसे बाबांकडे पाहत राहिले. बाबा पुटपुटत टोकाला गेले, जवायाले नाई कसं म्हनावं म्हणत. पलीकडच्या टोकाला काकाजींचंही तेच झालं असणार.

जावईबुवांनी एक बोंड तोडलं, बोळे कानात घातले, शिट्टी मारली. सगळं शांत. बाबा खाली मान घालून उभे. मला वाटलं, झालं, आता संध्याकाळपर्यंत असंच. मग बाबांनी घसा खाकरला आणि जराशा लाजऱ्या आवाजात म्हणाले, "होऽ."

लांबून, नाल्याच्या त्या टोकाकडून, "होऽऽ" आलं. इतक्या लगेच आलं की मी वळून पाहिलं.

गिरमिट खाली गेलं.

दुपारपर्यंत दोघांचे गळे मोकळे झाले होते. एक हाक, एक उत्तर, एक गड्डा. काकाजींचा मुलगा गंमत म्हणून फोनवर शूटिंग करत होता. कामावरच्या बाया हसत होत्या, पण दोघं म्हातारे अगदी गंभीर, हात तोंडाशी धरून, छाती फुगवून. मी बाबांना उन्हात एवढं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

मधला खांब जावईबुवांनी शेवटी ठेवला. धुऱ्यावरचा. तिथे टोकाला उभं राहायचं कारणच उरलं नव्हतं. त्यांनी दोघांना जवळ बोलावलं, गड्डा केला, बॅटरी मारून आत पाहिलं, आणि खांब उतरवल्यावर म्हणाले, दोघांनी दोन बाजूंनी धरा, हा एकदम ओळंब्यात पाहिजे, सुटला तर सगळी रांग वाकडी. मी गिट्टी-सिमेंटचं घमेलं घेऊन शेजारी उभी. घमेलं ओतू का विचारलं, तर हातानं थांब म्हणाले, आणि चहा प्यायला म्हणून खाटेकडे निघून गेले. चहा! सकाळपासून या माणसानं काम टाकून चहा घेतला नव्हता.

दोघं खांबाला धरून उभे. खांब सिमेंटचा, सोडता येईना. तोंडं वीतभर अंतरावर. बाबा आभाळाकडे पाहत होते, काकाजी गड्ड्यात. तिकडे जावईबुवा बशीत फुंकर मारत बसलेले. किती वेळ गेला, मलाच ते बघवेना.

शेवटी काकाजी म्हणाले, "तुयाकडं झुकून राह्यला."

"तुया डोयात झुकून राह्यला," बाबा म्हणाले.

खांब कुठेच झुकला नव्हता, मी शप्पथ सांगते. मग काकाजींनी बाबांच्या हाताकडे पाहिलं, जो मोडला होता त्या. दुखतो का, असं काहीतरी तोंडातल्या तोंडात विचारलं. बाबा म्हणाले, आभाळ आलं की दुखतो.

"तू दवाखान्यात होता तवा," काकाजी खांबाकडे पाहत म्हणाले, "मले वाटे डुकरं तुया हरबऱ्यात शिरतीन. तं म्याच दोन्ही आवाज देत होतो. एक मचानावरून द्यावं, मंग उतरून तुया धुऱ्यावर येऊन द्यावं."

बाबांनी खांब आणखी घट्ट धरला. त्या हंगामात दवाखान्यातून परत आल्यावर बाबांना हरभरा जसाच्या तसा दिसला होता, आणि त्यांनी मला सांगितलं होतं, पाहा, माझ्या धाकानं डुकरं आलीसुद्धा नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घमेलं हातात, पुसायचंही कशानं?

"उतरून काऊन आलास रातीचा," बाबा शेवटी म्हणाले. "पडला असता म्हंजे?"

तेवढ्यात जावईबुवा परत आले, खांबाला डावीकडून उजवीकडून पाहिलं आणि मला म्हणाले, ओता.

बाबा त्या आठवड्यापासून घरी झोपायला लागले. पहिले काही दिवस त्यांना झोपच येईना, अंगणात फेऱ्या मारायचे. मचान अजून आहे, पण त्यावर आई वाळवणं घालते. सकाळी काकाजी रस्त्यानं जाताना आमच्या फाटकाशी "होऽ" करतात, बाबा आतून "होऽ" करतात, आणि मग चहा बाहेर घ्यायचा की आत यावर थोडा वाद होऊन चहा होतो. धुऱ्यात तास कोणाचा घुसला यावरही रोज भांडतात. भांडतात, म्हणजे बोलतात. मी वर्ध्याहून सकाळी फोन लावते तेव्हा आता काय विचारायचं ते सुचत नाही.

मग एकदा काकाजींच्या मुलानं ते शूटिंग मला पाठवलं. मी बसमध्ये पाहत होते. बाबांचा "होऽ", काकाजींचा "होऽऽ", आणि मधे ट्रॅक्टरवर जावईबुवा. इंजिन धडधडतंय. त्यांचे दोन्ही कान मोठे, आणि दोन्हीत पांढरेशुभ्र बोळे, घट्ट. दोन्ही आवाज आल्याशिवाय गिरमिट खाली न नेणारा हा माणूस ना इकडे पाहत होता ना तिकडे. एकदा तर काकाजींचा आवाज यायच्या आधीच त्यांनी गिरमिट खाली घातलं होतं. बेडूक निघेपर्यंत काम थांबवणारे जावईबुवा! मी ते तीन-चारदा मागे नेऊन पाहिलं. शेजारची बाई विचारायला लागली, काय झालं.

पुढच्या रविवारी वर्ध्याला परतताना मी तळेगावला उतरले आणि आमच्या झाडाची संत्री घेऊन त्यांच्याकडे गेले. ते अंगणात ट्रॅक्टर चालू ठेवून पुढच्या चाकाला ग्रीस लावत होते. कानात कापूस. कुणाचा होता कोण जाणे. मी समोर उभी राहून जे मनात होतं ते सगळं बोलून टाकलं. शूटिंगचं, हाकांचं, हा डेपोचा नियम नव्हताच याचं. बाबा सकाळी फाटकापाशी जाऊन वाट पाहतात याचं. शेवटी विचारलं, तुम्हाला तेव्हा काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं ना?

त्यांनी हात पुसले, इंजिन बंद केलं. एका कानातला बोळा काढला.

"काय म्हनता?"

आता पहिल्यापासून कुठे सांगत बसू? मी म्हटलं, "बाबा आता घरीच झोपतात, म्हटलं."

"मंग झोपू द्या ना त्याईले, बाईसाहेब," ते म्हणाले. "काऊन उठवता?"

आणि बोळा परत कानात घालून त्यांनी इंजिन चालू केलं.